तंगूस किलोत नको, जाडीत मोजा

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहून गेलो होतो, ‘फ्लायला लीडर निमुळता हवा, बाकीचं मग कधीतरी.’ ते मग कधीतरी म्हणजे आत्ताच, असं वाचकांनी परस्पर ठरवलेलं दिसतंय. या वेळच्या पत्रांत ना भरतीची वेळ, ना कोळंबीचं आमिष. नुसता लीडर आणि लीडर. तेव्हा हा महिना त्यालाच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपण खाडीवर गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरायला, बसतो तेव्हा शिसं पुढे उडतं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, त्याच्यामागून ओढला जातो. फ्लायमध्ये सगळं उलटं. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं दोरीला, म्हणजे फ्लाय लाईनला. आठ नंबरच्या (हा नंबर लाईनच्या वजनाचा) लाईनचे पहिले तीस फूट साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात, आणि रॉड फेकतो ते हे वजन. पण ही लाईन चांगली जाड, वर प्लॅस्टिकचा थर, पाण्यावर पडली की कुणालाही दिसेल. तिच्या टोकाला थेट फ्लाय बांधली तर मासा आधी लाईन बघणार आणि मग तुम्हाला. म्हणून मध्ये अडीच-तीन मीटर पारदर्शक नायलॉन घालतात, तो लीडर. त्याच्या जाड टोकाला मी बुंधा म्हणतो आणि बारीक टोकाला शेंडा. दुकानात बट आणि टिपेट म्हणतात. माझी नावं बांबूच्या काठीवरून घेतलेली आहेत, शास्त्रीय वगैरे काही नाहीत.

दाभोळहून एक वाचक विचारतात: मेव्हण्याने बोटीवरून येताना नऊ फुटी तयार लीडर आणला. पाच-सहा वेळा फ्लाय बदलली, दोनदा कालवांच्या खडकात अडकून तुटला. आता तो सात फूटच उरलाय आणि फ्लाय पाण्यावर चपराक मारल्यासारखी पडते. दुसरा आणायला मेव्हणा सहा महिन्यांनी येणार. हा फेकून द्यायचा का?

अजिबात फेकू नका. गेला आहे तो शेंडा. बुंधा जागच्या जागी आहे, आणि पैसे बुंध्याचे असतात.

तयार लीडर हा बिनगाठीचा, एकसंध ओढलेला असतो. जाड बाजूचा बराचसा भाग एकाच जाडीचा, मग थोड्या अंतरात जाडी भराभर उतरते, आणि शेवटचे दोनेक फूट पुन्हा एकाच जाडीचे. फ्लाय बदलताना प्रत्येक वेळी चार-सहा बोटं लांबी जाते. शेवटचे दोन फूट संपले की तुमची कात्री उतरत्या भागात शिरते, आणि तिथे चार बोटं कापली तरी टोक लगेच जाड होतं. तुम्ही आता जाड टोकाला फ्लाय बांधून फेकताय. फेकीचा सगळा जोर फ्लायपर्यंत जसाच्या तसा पोचतो आणि ती आपटते.

टोकाची जाडी मोजा. ०.४० मिलिमीटरच्या आसपास भरली तर त्याला ०.३५ चा साठ सेंटिमीटर तुकडा जोडा, की लीडर पुन्हा कामाला लागला. मोजायला काही नसेल तर टोक आणि नवा तंगूस शेजारी शेजारी धरून दोन्हींना एकदम वाकवा. दोन्ही सारख्याच गोलाईत वळले तर जोडी जमेल. एक गोल राहिला आणि दुसरा मुकाट दबला, तर मध्ये आणखी एक जाडी लागणार.

आणि पुढचा लीडर आला की पहिल्याच दिवशी, नवा कोरा असतानाच, त्याचा शेंडा फूटभर कापा आणि आपला तुकडा जोडा. मेव्हणा समोर असेल तर तो गेल्यावर करा. त्यानंतर फक्त हा जोडतुकडाच बदलत राहायचं. मूळ लीडर वर्षभर जातो.

देवगडहून: बंदरावरच्या दुकानात सगळ्या नंबरांचा तंगूस मिळतो. मी वीस किलो, दहा किलो आणि पाच किलो (म्हणजे तेवढा ताण सोसणारे) असे तीन तुकडे सारख्या लांबीचे घेऊन लीडर केला. बघायला छान निमुळता झाला. पण फेकल्यावर मधेच मोडतो आणि फ्लाय मागे ढीग होऊन पडते. रॉड आठ नंबरचा. कुठे चुकलं?

किलोत चुकलं, आणि सारख्या लांबीतही.

टेपर, म्हणजे निमुळता उतार, हा शब्द मी गरवायला लागायच्या आधी कारखान्यात लेथवर शिकलो. एकतीस वर्षं टर्नर होतो. तिथे टेपर चुकला की नग सरळ भंगारात जायचा, सुपरवायझर तोंड फिरवायचा तो वेगळाच. त्यामुळे तुमचं पत्र वाचून मी आधी कागदावर आकडे मांडले.

आसूड आठवा. मुठीकडे जाड, टोकाला सुतळीसारखा. हाताचा वेग तो केवढा, पण तोच जोर पुढे जाताना हलत्या दोरीचं वजन कमी कमी होत जातं, म्हणून वेग वाढत जातो. टोकाला तो आवाजाच्या वेगाच्याही पुढे जातो, तेव्हा तो फाटकन आवाज येतो. लीडरचं काम त्याच जातीचं आहे. फक्त आवाज आपल्याला नको असतो. जोर शेंड्यापर्यंत पोचावा आणि फ्लाय अलगद उलटून पाण्यावर बसावी, इतपतच हवा. म्हणजे वजन उतरायला हवं, पण पायरीपायरीने. एकदम उतरलं तर तिथे बिजागरी तयार होते आणि दरवाजा मागे वळतो.

आता तुमचा लीडर. तंगूस एकाच जातीचा धरला तर किलो अर्धे म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ अर्धं, आणि म्हणून लांबीमागे वजनही अर्धं. इथवर चाललं असतं. पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. क्षेत्रफळ अर्धं झालं की ताठपणा थेट चौथाईवर येतो. तुमच्या प्रत्येक गाठीपाशी तंगूस चौपट मऊ होतोय. तो मोडणार नाही तर काय करील?

माझा हिशेब असा: ०.६०, ०.५०, ०.४० आणि ०.३५. पहिल्या दोन पायऱ्यांत वजन सुमारे एक तृतीयांश उतरतं आणि ताठपणा निम्म्यावर किंवा थोडा खाली येतो. शेवटची पायरी त्याहून सौम्य. याहून मोठी उडी घेतलीत की बिजागरी आलीच.

लांबी: ०.६० चा १३० सेंटिमीटर, ०.५० चा ५०, ०.४० चा ३०, ०.३५ चा ६०. बेरीज २७०, म्हणजे नऊ फुटांच्या किंचित आत. या गाठी बांधून झाल्यानंतरच्या लांब्या आहेत. कापताना प्रत्येक गाठीच्या बाजूला दहा सेंटिमीटर जास्त ठेवा, नाहीतर माझ्या पहिल्या लीडरसारखा तुमचाही सव्वासहा फुटी होईल आणि तुम्ही लाईनला दोष देत बसाल.

जाणकार म्हणतील, साठ-वीस-वीस का नाही? फ्रान्समध्ये चार्ल्स रिट्झ म्हणून होते, पॅरिसच्या रिट्झ हॉटेलवाल्यांचे चिरंजीव आणि फ्लायचे मोठे जाणकार. बुंधा साठ टक्के, मधला उतार वीस आणि शेंडा वीस, हे प्रमाण त्यांच्या नावावर सांगतात. गोड्या पाण्यातल्या ट्राउटसाठी, बारीक फ्लायसाठी ते उत्तम आहे. आपल्या खाडीतली फ्लाय बोटाएवढी, पिसांनी भरलेली. तिला मधला उतार थोडा लांब लागतो असं माझ्या हाताला वाटतं. तुमच्या हाताला वेगळं वाटलं तर मधल्या उतारातून पंधरा-वीस सेंटिमीटर कापून बघा. सूत्र ही सुरुवात असते, पुढचं काम कात्रीचं.

बुंधा ०.६० चाच का? लाईनचं टोक साधारण ०.९ ते १ मिलिमीटर असतं. बुंधा त्याच्या दोन तृतीयांश असला की जोर लाईनमधून लीडरमध्ये न अडखळता जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुंध्याचा तंगूस ताठ हवा. जाळ्यांसाठी जो तंगूस येतो तो मुद्दाम मऊ केलेला असतो, तो इथे निरुपयोगी. दुकानात वीतभर तुकडा एका टोकाला धरून आडवा ठेवा. ज्याचं दुसरं टोक कमी झुकेल तो बुंध्याला घ्या, जास्त झुकेल तो शेंड्याला. दुकानदार बघत राहील. बघू दे.

गाठी दोनच लागतात. जवळच्या जाडीसाठी ब्लड नॉट: दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवायची, प्रत्येक टोकाने दुसऱ्याभोवती पाच वेढे घ्यायचे, आणि दोन्ही टोकं मधल्या फटीतून परस्परांच्या विरुद्ध दिशांनी बाहेर काढायची. ०.६० आणि ०.५० ला चार वेढे पुरतात, पाच घेतले तर गाठ बसत नाही. जिथे जाडीत फार फरक असेल तिथे सर्जन नॉट: दोन्ही तुकडे शेजारी ठेवून एकच मोठा फेरा करायचा आणि त्यातून दोन वेळा काढून चारही टोकं एकदम ओढायची. गाठ थोडी ढोबळी दिसते, पण धरते. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि गाठीतच मरतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते शिकण्याची फी मी भाट्याच्या पुलाखाली भरली. संधिप्रकाशात घाईघाईत मारलेल्या कोरड्या गाठीवर एक जिताडा लागला, पाण्याबाहेर एकदा पूर्ण दिसला, आणि माझी फ्लाय घेऊन काजळी नदीच्या दिशेने निघून गेला. सोबत्याने आजवर त्याचं वजन चार वेळा वाढवून सांगितलं आहे. मी अडवलेलं नाही.

राजापूरहून एक विद्यार्थी: तयार लीडरच्या पाकिटावर ‘०एक्स’, ‘५एक्स’ असं लिहिलेलं असतं. जास्त एक्स म्हणजे जास्त बारीक, हे उलटं का?

पूर्वी लीडर रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथीपासून ओढलेल्या तारेचे असत. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. तार आणखी बारीक करायची तर ती धातूच्या पट्टीतल्या भोकातून ओढायची. जितक्या वेळा ओढली तितके एक्स, म्हणून जास्त एक्स म्हणजे जास्त बारीक. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनची घोषणा झाली आणि पुढे रेशीम मागे पडलं, पण आकडे राहिले.

हिशेब सोपा आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा कर. उरेल तो इंचाचा हजारावा भाग. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. ०एक्स म्हणजे ११ हजारांश, ०.२८ मिलिमीटर. आता बघ, आपल्या खाडीतला सर्वांत बारीक शेंडासुद्धा ०.३५ चा, म्हणजे ०एक्सपेक्षा जाड. एक्सची मोजपट्टी आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. बोय किंवा काळुंदरीसाठी बारीक फ्लाय बांधशील तेव्हा तिचा उपयोग होईल. तिथे ०.२० चा शेंडा चालतो, आणि काळुंदर इतकी चौकस असते की चालतो काय, लागतोच.

शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रूगेज असेल. सरांना विचारून तंगूस मोजायला घे. तीन ठिकाणी मोज आणि सरासरी काढ. फक्त ‘कशासाठी’ असं विचारलं तर माझं नाव सांगू नको.

मालवणहून एक ताई: तारकर्लीच्या बाजूला कर्ली नदीच्या मुखापाशी फेकते. सकाळी सगळं नीट होतं. अकरा-बारानंतर लीडर उलटून पुढे सरळ होतच नाही, फ्लाय वाऱ्याने मागे येते. लीडर जाड करू की लांब?

ताई, लांब तर मुळीच नको. सकाळी तुमच्या पाठीवर मतलई असते. ती जमिनीवरून समुद्राकडे वाहते आणि तुमची फ्लाय पुढे नेऊन ठेवते. दुपारी खारा वारा सुरू होतो, तो समोरून येतो. सकाळी जमतं ते अर्धं तुमचं आणि अर्धं मतलईचं. दुपारी खाऱ्या वाऱ्याने तिचा हिस्सा काढून घेतला, एवढंच.

दुपारसाठी वेगळा लीडर करून ठेवा: एकूण दोन मीटर. ०.६० चा एक मीटर, ०.५० चा तीस सेंटिमीटर, ०.४० चा वीस आणि ०.३५ चा पन्नास. बुंधा निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. पुष्कळजण लीडर आखूड करायचा म्हणून लाईनकडून कापतात, म्हणजे सगळं बळ होतं तेच फेकून देतात. कापायचं तर मधून आणि शेंड्यातून.

दोन्ही लीडर बदलायला सोपे जावेत म्हणून बुंध्याला फास न पडणारा पक्का लूप करा आणि लाईनच्या लूपमध्ये अडकवा. अडकवताना दोन्ही लूप हातात हात घातल्यासारखे सरळ बसायला हवेत. एक लूप दुसऱ्याभोवती दाव्यासारखा आवळून बसला तर तो लाईनचा थर कापतो आणि तिथे पुन्हा बिजागरी होते. ओढून झाल्यावर एकदा डोळ्यांनी बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

एवढं करूनही नाही जमलं तर लीडरला सोडा आणि मागची फेक, म्हणजे पुढे फेकण्याआधी लाईन मागे उडवता ती, तपासा. रॉड मागे फार खाली जात असेल. वारा असला की सगळेच जोर वाढवतात आणि जोर वाढवला की रॉड मागे पडतो. माझाही पडतो.

गुहागरहून: दोन महिन्यांत तीन मोठे मासे तुटून गेले. दोन खाडीत कांदळाच्या मुळांपाशी, एक उघड्या पाण्यात. शेंडा ०.३५ चाच होता. शेंडा ०.६० चा करू का?

आधी सांगा, तुटलेलं टोक कसं दिसत होतं? पत्रात ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यातच असतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर तंगूस तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. खरखरीत, पांढुरकं आणि चपटं झालं असेल तर घासून गेला. स्वच्छ कापल्यासारखं असेल तर दात किंवा कल्ला. पुढच्या वेळी टोक खिशात घालून घरी आणा.

मासा कुठला यावरही ठरतं. जिताडा, तुमच्या दक्षिणेचे भाऊबंद ज्याला चोणक म्हणतात तो, दाताने कापत नाही. त्याचं तोंड आतून पॉलिश पेपरसारखं खरखरीत, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र ब्लेड. तो उडी मारून डोकं झटकतो तेव्हा ०.३५ चा तंगूस त्या कडेवर जातो आणि खेळ संपतो. तांबोशीला पुढे सुळे आहेत, पण ती दातांपेक्षा मुळांनी मारते. लागली की पहिल्या दोन सेकंदांत घराकडे धावते. सुरमईची गोष्टच निराळी, तिच्यापुढे कुठलंही नायलॉन टिकत नाही, वीतभर तार लागते.

सगळा शेंडा ०.६० चा केलात तर निमुळतेपणा संपला. त्याऐवजी ०.३५ चा शेंडा तसाच ठेवून त्याच्या पुढे ०.६० चा फूटभर तुकडा जोडा, अगदी फ्लायपाशी. लोक त्याला शॉक टिपेट म्हणतात. म्हणजे आधी जाड, मग बारीक, आणि टोकाला पुन्हा जाड. लेथवर असा नग केला असता तर मला घरी पाठवलं असतं. पण इथे चालतं, कारण फ्लाय मोठी असते आणि तिचं स्वतःचं वजन त्या शेवटच्या फुटाला ओढून नेतं. लांबी मात्र फूटभराच्या पुढे नेऊ नका. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांच्या नियमांतही शॉक टिपेट बारा इंचांच्या आत, म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, आणि त्याच्या मागचा बारीक शेंडा किमान पंधरा इंच हवा, असं आहे. आपल्याला विक्रम करायचा नाही, पण मर्यादा शहाणपणाची आहे. दीड फुटाचा शॉक टिपेट मी करून पाहिला. फ्लाय माझ्याच टोपीत अडकली.

०.३५ ला ०.६० सरळ बांधलात तर गाठ सरकेल. आधी ०.३५ चं टोक दुमडून त्याचा दुहेरी लूप करा, त्याच सर्जन नॉटने. आता तो दुहेरी भाग आणि ०.६० चा तुकडा यांची दुसरी सर्जन नॉट मारा. ओली करून, सावकाश, चारही बाजूंनी सारखी ओढा. फ्लायला मात्र घट्ट गाठ नको. जाड तंगुसाला घट्ट बांधलेली फ्लाय काठीला टांगलेल्या चिंधीसारखी चालते. न आवळणारा छोटा लूप ठेवा, म्हणजे ती मान हलवेल.

वेंगुर्ल्याहून एक आजी: माझा नातू हे फ्लायचं करतो. तो म्हणतो पीळ घालून केलेले लीडरही असतात. आमच्याकडे सासरे सुंभ वळायचे. ते आणि हे एकच का?

आजी, तुमचं पत्र मी घरात वाचून दाखवलं.

एकच. अगदी एकच. सुंभ वळताना काथ्याच्या दोन पदरांना आधी एका बाजूने पीळ देतात आणि मग दोघांना एकत्र उलट्या बाजूने वळतात. दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात म्हणून सुंभ उसवत नाही. पिळाचा लीडर तसाच होतो, काथ्याऐवजी बारीक धागा किंवा ०.१० चा तंगूस वापरून. एका फळीवर खुंट्या ठोकतात आणि धागा त्यांच्याभोवती असा फिरवतात की बुंध्याकडे जास्त पदर येतात आणि पुढे एकेक कमी होत जातात. बुंध्याला वीस पदर, टोकाला सहा, असं काहीसं. मग दोन्ही अंगांना पीळ, आणि शेवटी उलटा पीळ. निमुळतेपणा जाडीतून नाही, पदरांच्या संख्येतून येतो. नायलॉन येण्याआधी घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वळायचे, तीही याच रीतीने: रॉडकडे जास्त केस, गरीकडे कमी.

फायदा असा की त्याला गुंडाळीची आठवण राहत नाही, पिशवीतून काढला की सरळ. तोटा असा की पदरांत पाणी धरतो आणि फेकताना तुषार उडवतो. शांत पाण्यात बोयीचा थवा असेल तर तेवढ्याने तो पांगतो. खाडीच्या गढूळ पाण्यात काही बिघडत नाही. फळीसाठी नातवाला जुन्या पाटाचं लाकूड द्या. आणि पीळ द्यायला त्याच्या हातात ड्रिल मशीन दिसलं तर रागावू नका, मीही तेच वापरतो.

थोडक्यात: पूर्णगडच्या वाचकांना फ्लुरोकार्बन (नायलॉनऐवजी वापरतात ती दुसऱ्या जातीची दोरी) घ्यावं का असं विचारायचंय. शेंड्याला घ्या, बुंध्याला नको. ते जड असतं, पाण्याच्या दीडपटीहून जास्त घन, त्यामुळे बुडतं. नायलॉन पाण्यापेक्षा थोडंच जड. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, घासायलाही बरं. महाग आहे, म्हणून साठ सेंटिमीटरच्या पुढे माझा हात जात नाही.

हर्णैहून: लीडर स्प्रिंगसारखा गुंडाळलेलाच राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, त्यात लीडर चिमटीत धरून सावकाश ओढा, मग दोन्ही टोकं ताणून दहा सेकंद धरा. जोरात घासू नका, तापला की कमजोर होतो. उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवलेला तंगूस वर्षाने बदला.

बाणकोटहून एक ज्येष्ठ वाचक लिहितात की पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला की पाच मिनिटांत कालवणापुरते मासे येतात, तुम्ही तासभर गाठी मारता. बरोबर आहे तुमचं. आमच्या घरीही हेच मत आहे.

शेवटी जैतापूरच्या वाचकांचं पाकीट: तुम्ही पाठवलेले तंगुसाचे पाचही नमुने माझ्या मायक्रोमीटरवर मोजले, प्रत्येकी तीन ठिकाणी. पाकिटावर ०.३० असलेला ०.३४ भरला. ०.३५ वाला ०.३५ च आहे, तोच शेंड्याला घ्या. ०.४० वाला ०.४७ निघाला, म्हणजे तुमच्या लीडरमध्ये ०.५० च्या पुढे जवळजवळ पायरीच नाही आणि लगेच ०.३५ ची दरी. तुमचा तिथेच मोडतो ना? ०.५० वाला ०.५१. ०.६० वाला एका टोकाला ०.५८ आणि दुसऱ्या टोकाला ०.६३ आहे, जात्याच थोडा निमुळता. जाड टोक लाईनकडे ठेवून बांधा. उरलेले तुकडे परत पाठवतोय, ०.६० चा मात्र हातभर ठेवून घेतला आहे.